रिंग फिरवायची की बटण दाबायचं?

या खेपेची बरीचशी पत्रं एकाच दुखण्याची आहेत. कॅमेरा ठणठणीत, लेन्स चांगली, पण फोकस लागत नाही, आणि पत्रलेखकाचं वय पन्नाशीच्या आसपास, नाहीतर पुढे. रत्नागिरीतला माझा स्टुडिओ आता भाचा चालवतो. मी मागच्या खोलीत बसून पत्रं वाचतो. सदुसष्टी उलटलीय, उजव्या डोळ्यात डॉक्टरांनी बसवलेलं भिंग आहे, त्यामुळे हे दुखणं मला नवं नाही. डोळ्यांच्या औषधपाण्याबद्दल मात्र मला विचारू नका, त्यासाठी डॉक्टर आहेत.

प्रश्न : स. न. वि. वि. मी गुहागर तालुक्यातला निवृत्त शिक्षक, वय ६३. माझ्याकडे निकॉन एफएम२ हा हाताने फोकस लावायचा, फिल्मचा कॅमेरा आहे, सोबत ५० मिमी एफ १.८ आणि १०५ मिमी एफ २.५ या दोन लेन्स. दर शिमग्याला पालखी, नमन, संकासुराचं सोंग असे फोटो काढतो. अलीकडच्या रोलमध्ये १०५ने काढलेले चेहरे मऊ येतात. डोळ्यांऐवजी कान स्पष्ट, नाहीतर मागचा ढोलवाला. लांबचं मला चष्म्याशिवाय छान दिसतं, वाचायला सव्वादोनचा चष्मा लागतो. मुलगा पुण्याला असतो. तो म्हणतो, "बाबा, हट्ट सोडा, ऑटोफोकस घ्या." माझा डोळा गेला, हात गेला की लेन्स बिघडली? मुलाचं ऐकू का?

उत्तर : गुरुजी, मुलाचं नंतर बघू. आधी तुम्हाला धूसर नेमकं काय दिसतंय ते ठरवू. पालखी धूसर दिसत नाही. ती लांब आहे आणि लांबचं तुम्हाला दिसतं. धूसर दिसतोय तो कॅमेऱ्याच्या आतला पडदा.

लेन्समधून आलेलं चित्र आरशावरून वर जातं आणि दुधी काचेवर पडतं. आपण आयपीसमधून, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतून, ती काच बघतो, समोरचं दृश्य नव्हे. ती काच डोळ्याला साधारण एक मीटरवर असल्यासारखी दिसावी, अशी जुन्या कॅमेऱ्यांची रचना असते. आयपीसचा नंबर उणे १ म्हणतात तो हाच. तिशीत याची कुणाला जाणीवही होत नाही, कारण डोळ्यातलं नैसर्गिक भिंग लवचिक असतं आणि ते आपोआप जुळवून घेतं. चाळिशीनंतर ते ताठ होत जातं. साठीला त्याची लवचिकता जवळपास संपलेली असते. एक मीटर हे अंतर धड लांबचंही नाही आणि पुस्तकाचंही नाही. उघड्या डोळ्याला ते थोडक्यासाठी हुकतं. सव्वादोनचा चष्मा लावलात तर तो ४५ सेंटिमीटरच्या आसपासचं दाखवणार, म्हणजे पडदा पुन्हा धूसर. चष्मा लावला तरी पंचाईत, काढला तरी पंचाईत. मुलाला वाटतं तो हट्ट, तुम्हाला वाटतो तो हाताचा दोष, आणि खरं कारण या दोन अंतरांमधलं आहे.

यावर उपाय नव्या कॅमेऱ्याच्या मानाने फारच स्वस्त आहे. एफएम२च्या आयपीसवर आटे आहेत, त्यात नंबराची छोटी गोल काच फिरवून बसते. निकॉनने उणे ५ पासून अधिक ३ पर्यंतच्या काढल्या होत्या, जुन्या मालाच्या दुकानांत अजून सापडतात. फक्त एक ध्यानात ठेवा : त्यावर छापलेला आकडा कॅमेऱ्याचा मूळचा उणे १ धरून केलेल्या बेरजेचा असतो. म्हणजे "०" लिहिलेली काच बिननंबरी नसते, ती तो उणे १ खोडून काढते. त्यामुळे वाचायच्या चष्म्याचा आकडा सांगून काच मागवू नका. कॅमेरा घेऊन सरळ चष्मेवाल्याकडे जा. त्याच्याकडे सुट्या भिंगांची पेटी असते. आयपीस आणि डोळा यांच्या मधे एकेक भिंग धरायला सांगा, अर्ध्या-अर्ध्या नंबराने चढत जा, आणि बघताना समोरच्या रस्त्याकडे न बघता पडद्यावरच्या गोलाच्या कडेकडे बघा. कड ज्या भिंगाने काळी, बारीक, टोकदार दिसेल तो तुमचा नंबर. पेटीतलं भिंग अधिक १चं निघालं तर मागवायची काच "०"ची. तुम्हाला सिलिंडरचा (दिशेनुसार बदलणारा) नंबर असेल तर मात्र ही काच पुरत नाही, कारण तिचा नंबर सगळीकडून सारखाच असतो. मग चष्म्यासकटच बघायचं.

हे करून झालं की पडद्याच्या मधल्या गोलाकडे वळा. तिथे चित्राचे दोन तुकडे दिसतात आणि फोकस लागला की ते जुळतात. कडेच्या दुधी भागावर "स्पष्ट की अस्पष्ट" हे ठरवणं म्हाताऱ्या डोळ्याला जड जातं. पण तुटलेली रेघ जुळली की नाही, हे ओळखण्यात माणसाचा डोळा विलक्षण तरबेज असतो आणि थोड्या धूसरपणानेही ती नजर फारशी बिघडत नाही. म्हणून रेघ शोधा : ढोलाची कड, नाकाची बाजू, फेट्याचा काठ. रेघ आडवी असेल तर कॅमेरा तिरका धरा, जुळवा, सरळ करा. गोलाचा अर्धा भाग काळा पडत असेल तर डोळा मधोमध नाही किंवा लेन्स मंद, म्हणजे उजेड कमी आत घेणारी आहे. तुमच्या दोन्ही लेन्स उजेडाच्या आहेत, तेव्हा डोळाच सरकवा.

एक मात्र आजच तपासा. एकेक डोळा झाकून होडीच्या डोलकाठीकडे किंवा दाराच्या चौकटीकडे बघा. सरळ रेघ मधेच वाकलेली, लाटेसारखी दिसली तर कॅमेरा ठेवून द्या आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. तो पडद्याचा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा मामला असू शकतो आणि त्यात उशीर परवडत नाही.

लेन्सची शंका फुकटात फिटते. अंजनवेलचं दीपगृह चार-पाच किलोमीटरवरून दिसेल अशा जागी उभे राहा आणि मधल्या गोलात त्याच्या दोन्ही बाजू जुळवा. जुळल्यावर फोकसची रिंग अनंताच्या खुणेशी (∞) टेकलेली हवी. ती अलीकडेच राहत असेल, किंवा टेकूनही तुकडे जुळत नसतील, तर आरसा, पडदा किंवा लेन्समधलं काहीतरी जागचं हललं आहे. मग दोष तुमचा नाही, आणि ते काम जाणत्या कारागिराचं आहे.

आता शिमग्याकडे. १०५ची लेन्स एफ २.५वर, म्हणजे उजेड आत येण्याचं भोक (अ‍ॅपर्चर) पूर्ण उघडं, माणूस अडीच मीटरवर : पुढे-मागे मिळून स्पष्टतेची खोली जेमतेम आठ सेंटिमीटर. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतही पुरत नाही. त्यात पालखी नाचवणारा एका उडीत हातभर पुढे येतो. इथे पंचविशीतला डोळाही हरतो. माझ्या पंचविशीतल्या निगेटिव्ह भाच्याने ट्रंकेत जपून ठेवल्यात, त्यात हेच कान आणि हेच ढोलवाले आहेत. तेव्हा दिवसाच्या पालखीला १०५ घरी ठेवा. ५०ची लेन्स एफ ८वर, म्हणजे भोक बारीक, रिंग ५ मीटरवर : साधारण साडेतीन मीटरपासून साडेनऊ मीटरपर्यंत सगळं चालण्याइतपत स्पष्ट. २८ मिमीची लेन्स कुणाकडून मिळाली तर एफ ८ आणि ३.३ मीटर, म्हणजे पावणेदोन मीटरपासून क्षितिजापर्यंत. फोकस लावायचाच नाही, पावलांनी अंतर राखायचं. गुलालात, धक्काबुक्कीत यापेक्षा जलद ऑटोफोकस मी अजून बघितलेला नाही.

पण रात्री नमनाचे खेळे सुरू झाले, उजेड एका हॅलोजनचा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं आणि माणूस नाचतोय, की हा हिशेब संपतो. तिथे तुमचा मुलगा बरोबर आहे. चेहरा आणि डोळा ओळखून धरून ठेवणारा आजचा मिररलेस (आरसा नसलेला डिजिटल) कॅमेरा तिथे आपल्या कितीतरी पुढे आहे. तरी संकासुर त्याला बहुतेक वेळा फसवेल. काळे कपडे, टोकदार टोपी, झाकलेला चेहरा : डोळा ओळखणाऱ्या यंत्राला डोळाच सापडत नाही आणि काळ्या कापडावर पकडायला रेघ नाही. तेव्हा चेहऱ्याची ओळख बंद करून एकच फोकस बिंदू घ्यायचा आणि तो पांढऱ्या दाढीच्या काठावर ठेवायचा.

घ्यायचाच झाला तर कोणता? "माझ्या जुन्या लेन्स डिजिटलवर चालतील ना" हा पुढचा प्रश्न येणार, म्हणून आधीच सांगतो. एफएम२वर बसतात त्या अर्थी तुमच्या लेन्स एआय (निकॉनची लेन्स-जोडणीची एक पद्धत) किंवा त्यानंतरच्या आहेत. निकॉनच्या डी७२०० किंवा डी७५० या आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यांवर (डीएसएलआर) त्या बसतात आणि उजेडही मोजला जातो. डी७५००मध्ये मात्र उजेड मोजायची ती सोय काढून टाकली आहे, तेव्हा विकणाऱ्याच्या बोलण्यात येऊ नका. फोकस कुठल्याही परिस्थितीत हातानेच लावायचा. आणि गोची अशी की डीएसएलआरमधला पडदा हातच्या फोकससाठी बनवलेलाच नसतो. मंद झूम लेन्सवरही उजळ दिसावा म्हणून तो गुळगुळीत केलेला असतो. उघड्या अ‍ॅपर्चरचा खरा धूसरपणा तो दाखवतच नाही, आणि जुळवायचे तुकडेही नाहीत. फोकस लागला की पेटणाऱ्या, कोपऱ्यातल्या हिरव्या ठिपक्यावर भरवसा ठेवायचा. जुन्या लेन्ससाठी डीएसएलआर घेणं हा म्हणूनच मला सगळ्यात वाईट पर्याय वाटतो. निकॉनच्या झेड मालिकेतला मिररलेस आणि त्यावर जुन्या लेन्स बसवणारा एफटीझेड अडॅप्टर असेल तर गोष्ट वेगळी : तिथेही रिंग हातानेच फिरवायची, पण व्ह्यूफाइंडरमधलं चित्र दहापट मोठं करून माणसाच्या पापण्या बघता येतात.

माझं मत : यंदा चष्मेवाला, आयपीसची काच आणि ५०ची लेन्स. रात्रीच्या खेळ्यांची हौस असेल तर मुलाकडून मिररलेस आणि एक उजेडाची ऑटोफोकस लेन्स घ्या, तो द्यायला तयार दिसतोय. एफएम२ विकू नका. देवळाच्या पायरीवर निवांत बसलेल्या माणसाला १०५ अजूनही तीच.

प्रश्न : काका, मी तारकर्लीत घरगुती खानावळ आणि खोल्या चालवते. वय ४९. जेवणाचे, पाहुण्यांचे फोटो टाकावे लागतात म्हणून मिररलेस घेतला. मागच्या स्क्रीनवर सगळं छान दिसतं, कॉम्प्युटरवर बघितलं की मऊ. प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे, स्क्रीन बघताना मान वर करून करून दुखते. व्ह्यूफाइंडरमधली अक्षरं पूर्वी नीट दिसायची, आता पसरलेली दिसतात. मॅन्युअल शिकू का?

उत्तर : बाई, शिका, पण आधी व्ह्यूफाइंडरच्या बाजूचं ते चिमुकलं चाक फिरवा. पिशवीत घासून ते सरकतं आणि लोक चष्म्याचा नंबर बदलून येतात. लेन्स मोकळ्या आकाशाकडे धरा, तुम्ही नेहमी वापरता तो चष्मा लावून वरच्या, म्हणजे लांबच्या भागातून बघा, आणि आतले आकडे ठसठशीत दिसेपर्यंत चाक फिरवा. दृश्य बघून चाक फिरवायचं नाही, आकडे बघून फिरवायचं. जागा सापडली की चाकावर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावा.

मान दुखायचं कारण चष्म्यात आहे. प्रोग्रेसिव्हचा जवळचा भाग खाली असतो आणि कॅमेऱ्याची स्क्रीन तुम्ही नाकासमोर धरता. ती कमरेशी धरून, वर वळवून, खाली बघत फोटो काढा. त्याहून बरं म्हणजे काढलेले फोटोही व्ह्यूफाइंडरमध्येच तपासा. तो एकदा तुमच्या नंबरला जुळला की जवळ-लांबचा प्रश्न उरत नाही, आणि किनाऱ्यावरच्या उन्हात मागची स्क्रीन तशीही कुणाला दिसत नाही. तपासताना फोटो मोठा करा. तळहाताएवढ्या स्क्रीनवर सगळेच फोटो स्पष्ट असतात.

जेवणाच्या ताटाला मात्र मी हातचा फोकसच सुचवेन. ताट पळत नाही, आणि ऑटोफोकस हटकून सोलकढीच्या वाटीची कड पकडतो. पीकिंग म्हणून जी रंगीत कडा दाखवायची सोय असते ती इथे कामाची नाही : रवा लावलेल्या सुरमईवर तिचा दाणा न् दाणा पेटतो आणि फोकस नक्की कुठे आहे ते कळतच नाही. चित्र मोठं करा, हव्या त्या तुकडीच्या पुढच्या काठावर रिंग थांबवा, झालं. पाहुण्यांचे फोटो काढताना चेहऱ्याची ओळख चालू ठेवा आणि रिंगला हात लावू नका. ओल्या पोरांच्या मागे धावत हाताने फोकस लावणं माझ्याच्याने होत नाही, तुम्हाला तर स्वयंपाकही बघायचाय.

प्रश्न : वय ७१, हर्णै. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्याचं ऑपरेशन ठरलंय. बंदरावरच्या लिलावाचे आणि होड्यांचे फोटो काढतो, सगळं जुन्या मॅन्युअल कॅमेऱ्यावर. डॉक्टर विचारतात, कुठलं भिंग बसवू? ऑपरेशनआधीच ऑटोफोकस घेऊन ठेवू का?

उत्तर : भाऊ, आत्ता काहीही घेऊ नका. ऑपरेशननंतर नंबर स्थिरावायला काही आठवडे लागतात. त्याआधी घेतलेला चष्मा, आयपीसची काच, सगळं वाया. दुसऱ्या डोळ्याचंही होणार असेल तर तेही उरकू द्या.

भिंग कुठलं हे डॉक्टरांनीच ठरवायचं. पण तुम्ही कॅमेऱ्यातून बघता हे त्यांना सांगा, शक्य तर कॅमेरा घेऊनच जा. एकाच अंतराचं भिंग बहुधा लांबचं दिसेल असं बसवतात. मग वाचायला चष्मा लागतो आणि व्ह्यूफाइंडरचं एक मीटर पुन्हा मधेच लटकतं. गुरुजींना वर सांगितलेली काच तुम्हालाही लागेल. अनेक अंतरांच्या भिंगाने चष्म्याची कटकट कमी होते, पण काहींना रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात आणि अंधुक उजेडात काळा-करडा फरक थोडा कमी कळतो. तुम्ही संध्याकाळच्या लिलावाचे फोटो काढता, तेव्हा हे मुद्दाम विचारा. माझं एकाच अंतराचं आहे. मी त्यावर खूश आहे, पण तो माझा डोळा.

रंगांची तयारी ठेवा. मोतीबिंदू पिवळट काचेसारखा असतो. तो निघाला की पांढरं निळसर वाटतं. मला आठवडाभर भाच्याचे सगळे प्रिंट थंड दिसत होते आणि मी त्याला उगीच बोलत होतो. डाव्या डोळ्याने बघितलं की तेच प्रिंट पिवळे. मधल्या काळात रंगांची दुरुस्ती करायला बसू नका.

आणि हर्णैला फोकसचं एवढं ओझं घेऊ नका. नव्या ऑटोफोकस लेन्स अनंताच्या पलीकडेही फिरतात, तुमच्या जुन्या बहुतेक अनंतालाच थांबतात. दूरच्या होड्यांना आणि सुवर्णदुर्गाला रिंग टेकवली की डोळ्याचं काम संपलं. ऑटोफोकस त्याच वेळी धुरकट क्षितिजावर पुढे-मागे करत बसतो, कारण त्याला फरक दाखवणारी कडच मिळत नाही. किनाऱ्याकडे येणाऱ्या होडीवरून उडी मारणारा खलाशी हवा असेल तर मात्र ऑटोफोकसच.

प्रश्न : आमच्या कॅमेरा क्लबातले एक ज्येष्ठ म्हणतात, ऑटोफोकस म्हणजे आळशांचं काम. खरं का? (वेंगुर्ले)

उत्तर : सगळ्यांना परवडेल असा पहिला ऑटोफोकस कॅमेरा, कोनिका सी३५ एएफ, १९७७ सालचा. लेन्स बदलता येणारा ऑटोफोकस कॅमेरा मिनोल्टा ७००० हा १९८५चा. तुमचे ज्येष्ठ इतकी वर्षं ज्याला नवं खूळ म्हणतायत त्याला नातवंडं झाली असती. त्यांना वेंगुर्ल्याच्या खडकांवरून उडणारा समुद्रगरुड हाताने फोकस करून दाखवायला सांगा. जमलं तर मला कळवा.

प्रश्न : वय ५८. वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात तेव्हा जातो. पहाटे किंवा तिन्हीसांजेला उजेड कमी, माझा ऑटोफोकस वाळूवरच अडकतो. हाताने लावू म्हटलं तर इतकं लहान दिसत नाही.

उत्तर : ऑलिव्ह रिडलेचं पिल्लू बोटभर, रंगाने काळपट, आणि मागे ओली काळपट वाळू. कॅमेऱ्यालाही ते दिसत नाही, तुमच्या डोळ्याला दोष देऊ नका. दोघांची वाटणी करा. रिंग एक मीटरवर ठेवा, अ‍ॅपर्चर एफ ५.६, आयएसओ (उजेड टिपायची क्षमता) हवा तितका चढवा. दोरीच्या बाहेर, वाळूच्या पातळीला कॅमेरा टेकवा आणि पिल्लाला तुमच्या एक मीटरपर्यंत चालत येऊ द्या. ते समुद्राकडेच जाणार, तेव्हा कुठून जाईल त्याचा अंदाज बांधता येतो. ते त्या अंतराच्या जवळ आलं की तीन-चार फोटो सलग घ्या. ऑटोफोकसच वापरायचा तर मधला एकच बिंदू घ्या आणि तो पाठीवर न ठेवता, ओल्या पाठीवर आकाशाची चमक जिथे संपते त्या काठावर ठेवा.

फ्लॅश बंद हे तिथे सांगतातच. पण अंधारात फोकस लागावा म्हणून पुष्कळ कॅमेरे समोर एक छोटा दिवा आपोआप लावतात, तो लोक विसरतात. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात. मेनूत फोकस असिस्टचा दिवा शोधा आणि घरूनच बंद करून निघा. तिथे अंधारात चष्मा शोधत मेनू चाळायला वेळ मिळत नाही.